सकाळची शाळा असलेल्या मुलांच्या झोपेची घडी कशी बसवावी

मुंबईत पहिली-दुसरीतल्या मुलाची झोप आई-बाबा ठरवत नाहीत, स्कूल व्हॅन ठरवते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये काढला. पण जागेअभावी दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांना तो पाळणं सोपं नाही. तेव्हा व्हॅनची वेळ धरूनच हिशेब करायचा.

आधी उलटी मोजणी. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसभरात 9 ते 12 तास झोप लागते. 3 ते 5 वर्षांच्यांना दुपारची झोप धरून 10 ते 13. सहाला उठायचं असेल तर रात्री नऊला डोळा लागलेला हवा, म्हणजे साडेआठला अंथरुणात. एवढ्यानेही फक्त किमान झोप होते.

मग उठण्याची वेळ पक्की करा. बहुतेक घरांत सुरुवात उलटीकडून होते: लवकर झोपवायला जातात, मूल तासभर लोळत राहतं आणि सगळ्यांची चिडचिड. त्याऐवजी ठरल्या वेळी उठवा, दात घासायला गॅलरीत किंवा खिडकीपाशी उजेडात न्या. रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. रविवारी तासभर उशीर चालेल. दहापर्यंत झोपू दिलं, तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

दुपारची झोप. पाच वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांची ती सुटते. पण पावणेसहाला उठलेलं पोर एक वाजता घरी येऊन वरणभात खाताना ताटावरच पेंगतं. त्याला जबरदस्तीने जागं ठेवू नका. अर्धा-पाऊण तास झोपू द्या आणि तीनच्या आत उठवा. जागेपणी तासागणिक झोपेची भूक साठत जाते. दुपारी दोन तास ताणून दिली की ती भागते आणि रात्री दहालाही पोर टक्क जागं. ‘झोपलेल्या लेकराला उठवू नये’ म्हणणारी आजी घरात असेल, तर गजर तिच्याच हातात द्या. उठल्यावर दहा मिनिटं मूल किरकिरणारच. तेव्हा पडदे उघडा, पाणी द्या, गृहपाठाचं नाव काढू नका. दुपारची झोप हुकली, तर संध्याकाळी सहाला पडू देण्यापेक्षा रात्री अर्धा तास आधी झोपवा. दिवेलागणीला झोपू नये, हा आजीचा नियम मात्र अगदी बरोबर आहे.

दुपारच्या पाळीची मुलं सकाळी साडेसात-आठपर्यंत झोपू शकतात, त्यांना दुपारची झोप लागत नाही. परतताना व्हॅनमध्ये डुलकी लागत असेल, तर शेजारच्या मुलाला त्याच्याशी बोलत राहायला सांगा.

संध्याकाळ. जेवण साडेसातला. चारनंतर चहा नाही, कोलाही नाही. ‘दुधाचाच तर आहे’ म्हटलं तरी चहातलं कॅफीन जात नाही. खरी अडचण वन रूम किचनची: टीव्ही लागतो तिथेच अंथरूण पडतं. आठनंतर ट्यूबलाइट बंद करून झीरोचा दिवा लावा, मालिका हेडफोनवर किंवा किचनमध्ये मोबाइलवर. प्रखर उजेडात आणि स्क्रीनसमोर झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. दप्तर, गणवेश आधीच तयार ठेवा. मग रोज त्याच क्रमाने हातपाय धुणं, दात, शू, गोष्ट, थोपटणं. क्रम मोडू नका, गोष्ट छोटी चालेल.

साडेनऊच्या लोकलने येणाऱ्या बाबांसाठी मुलाला जागं ठेवणं मला पटत नाही. बाबा आले की मस्ती, मस्तीनंतर झोप कुठली? सकाळी व्हॅनपर्यंत सोडायचं काम बाबांकडे द्या. तेवढ्या वाटेत गप्पा होतात.

गणपती-नवरात्रात काही दिवस लाऊडस्पीकरला बारापर्यंत परवानगी असते. तेव्हा पंख्याचा आवाज थोडी मदत करतो. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर झोपू द्यावं.

डॉक्टरांकडे कधी? मूल बहुतेक रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, मध्येच श्वास अडखळत असेल, तर टॉन्सिल किंवा अॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेले असू शकतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, जमल्यास घोरतानाचा व्हिडिओ काढून न्या. गुंगी येते म्हणून सर्दीचं सिरप झोपेसाठी कधीही देऊ नका.