भरीत स्पर्धेचं परीक्षण नीट कसं करावं

हिवाळा लागला की जळगाव, यावल, भुसावळकडे शेतातल्या भरीत पार्ट्या सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग महिला मंडळांच्या, पतसंस्थांच्या भरीत स्पर्धा. बक्षीस समारंभ आटोपला की मांडवाबाहेर कुजबुज ठरलेली: परीक्षक ओळखीचे होते, त्यांना तिखट सोसतच नाही, त्यांनी शेवटची ताटं चाखलीसुद्धा नाहीत. माझ्या अनुभवात परीक्षक लबाड क्वचितच असतात. कशाला किती गुण द्यायचे, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच. "तुम्हाला स्वयंपाकातलं कळतं, बसा खुर्चीवर" एवढ्यावर परीक्षण चालत नाही.

मी जी पद्धत वापरते तिचा सांगाडा बीअरच्या स्पर्धांमधून घेतला आहे. चव मोजण्याचं काम त्या लोकांनी फार शिस्तीनं बांधलं आहे. अमेरिकेत १९८५ पासून बीअर परीक्षकांची परीक्षा घेऊन त्यांना दर्जा देणारी एक संस्था आहे. तिची गुणपत्रिका ५० गुणांची असते: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५ आणि एकूण परिणाम १०. रूपाला फक्त ३ गुण, हे लक्षात घ्या. आपल्याकडे "सजावट" या रकान्याला २० गुण देतात आणि मग गाजराचं फूल कापून ठेवणारीला पहिलं बक्षीस जातं.

भरितासाठी मी हे गुण असे बसवले आहेत: वास १०, रूप ३, चव २२, पोत १०, एकूण परिणाम ५. पोताला बीअरच्या दुप्पट गुण आहेत, कारण लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचलेलं भरीत आणि मिक्सरमधून फिरवलेला लगदा यांतला फरक तिथेच दिसतो. "पारंपरिकता" असा वेगळा रकाना ठेवूच नका. त्याऐवजी स्पर्धेच्या पत्रकातच चार ओळींत लिहून टाका की इथे भरीत कशाला म्हणायचं: कपाशीच्या वाळल्या काट्यांवर किंवा विस्तवावर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, फोडणीच्या प्रकारात तेलाची फोडणी. टोमॅटो चालणार की नाही तेही लिहा. कच्चं भरीत आणि फोडणीचं भरीत यांचे गट वेगळे करा. काळ्या बीअरला ती काळी आहे म्हणून कुणी गुण कापत नाही. प्रत्येक प्रकार त्याच्या लिखित वर्णनाशी ताडून पाहतात. आपणही तेच करायचं.

जमलं तर वांगी सगळ्यांना एकाच शेतातली द्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि बामणोद-आसोद्याचं हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं कुणाच्याही हातून बरं लागतं. एकीकडे ते आणि दुसरीकडे बाजारातलं जांभळं वांगं असेल तर आपण वांग्याला बक्षीस देतो, हाताला नाही.

सगळ्या वाट्या एकसारख्या. वर कोथिंबीर भुरभुरू नये. क्रमांक एक-दोन-तीन असे न देता ४७२, ८१५ असे तीन आकडी द्यावेत, कारण "एक" दिसला की मन आपोआप झुकतं. डब्यातून वाटीत काढणारी बाई परीक्षकांपैकी नको. गावात डब्यावरूनही घर ओळखतात.

पहिल्या घासाआधी

आता खरं अवघड काम. मी याच टप्प्यावर सर्वांत जास्त अडखळले आणि बहुतेक संयोजक हाच टप्पा वगळतात.

कापसाचा व्यापारी काटा शून्यावर आणल्याशिवाय माल मोजत नाही. परीक्षकांचंही तसंच करावं लागतं. स्पर्धेच्या वाट्या येण्याआधी अर्धा तास त्यांना एका बंद खोलीत बसवा आणि तुम्ही स्वतः केलेलं भरीत समोर ठेवा. एक वाटी नीट केलेली. बाकीच्या वाट्यांत मुद्दाम दोष घाला: एकीत वांगं अर्धवट भाजलेलं, म्हणजे कच्चट. एकीत जळकं साल तसंच राहिलेलं, म्हणजे कडवट. एकीत लसूण कच्चा. एकीत जुने, खवट शेंगदाणे. बीअरचे परीक्षक असेच शिकतात. चांगल्या बीअरमध्ये मुद्दाम दोषाचा अंश मिसळून ती त्यांना हुंगायला देतात, म्हणजे लोण्यासारखा वास कुठला आणि उकडलेल्या मक्यासारखा कुठला हे नाकाला पाठ होतं. खवटपणा एकदा नाव घेऊन चाखला की माणूस तो पुढे विसरत नाही. ज्यानं तसा चाखलेला नाही तो "काहीतरी वेगळं लागतंय, बरं आहे" असं म्हणून गुण देऊन मोकळा होतो.

मग नीट केलेल्या वाटीला सगळ्यांनी गुण द्यायचे. गुपचूप, आपापल्या कागदावर. कुणी "वा!" म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही, नाक मुरडायचं नाही. हा नियम कडक पाळा. आपल्याकडे टेबलावर एखादे निवृत्त गुरुजी किंवा मंडळाच्या अध्यक्षा काकू असतात. त्यांनी घास घेऊन "छान आहे हो" म्हटलं की बाकीचे तिघे आकडा बदलतात. हा त्यांचा दोष नाही, मोठ्यांचा मान ठेवायची सवय आहे. म्हणून मी आधीच सांगून ठेवते: "काकू, तुम्ही सगळ्यात शेवटी बोलायचं." काकूंना यात अपमान वाटत नाही, फक्त हे चारचौघांत न सांगता आधी बाजूला घेऊन सांगावं.

कागद एकदम उघडा. कुणाचे ४१, कुणाचे २६ असणारच. इथे सरासरी काढायची घाई करू नका. ४१ वाल्याला विचारा: वाटीत काय सापडलं? मग २६ वाल्याला. उत्तर वाटीतलंच हवं. "आमच्याकडे असं करत नाहीत" हे उत्तर धरायचं नाही. पत्रकातल्या चार ओळींकडे बोट दाखवा. बहुतेकदा कळतं की एकानं तिखटपणाचे गुण कापलेत आणि पत्रकात तिखटाबद्दल काहीच म्हटलेलं नाही. मग तिथेच ठरवायचं: तिखट किती यावरून गुण कापायचे नाहीत, मात्र तिखटापुढे वांग्याचा धुरकट वास मेला असेल तर कापायचे. पुन्हा एक वाटी, पुन्हा गुपचूप गुण. सगळ्यांच्या गुणांतला फरक सातच्या आत आला की पुढे जा. बीअरच्या टेबलावरही हीच सात गुणांची मर्यादा पाळतात. तिसऱ्या वाटीलाही जो परीक्षक जुळत नाही, त्याला त्या दिवशी बक्षीस वाटपाचं काम द्या. कठोर वाटेल, पण वीस बायका पहाटे उठून वांगी भाजून आलेल्या असतात.

आणखी एक करा, आणि कुणालाही न सांगता: स्पर्धेच्या वाट्यांमध्ये एकच भरीत दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवा. रॉबर्ट हॉजसन या अमेरिकी वाइन उत्पादकानं कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेत हेच केलं होतं. एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना तीनदा दिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार जेमतेम दहा टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या गटात ठेवलं. हे सगळे मुरलेले परीक्षक होते, म्हणून आपण चार भाकऱ्या जास्त खाल्ल्यात या भरवशावर राहू नये. दोन्ही वाट्यांच्या गुणांत मोठी तफावत आली तर ती त्या परीक्षकाला एकट्यात दाखवा. पुढच्या वेळी तो जास्त जपून चाखतो.

चाखताना

एका बैठकीत आठ वाट्या, त्याहून एकही जास्त नाही. तिखटाचा जो घटक जीभ भाजतो तो पाण्यात विरघळत नाही, तेव्हा टेबलावर नुसते पाण्याचे जग मांडून उपयोग नाही. साध्या, बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि बिनमिठाचं, मसाला न घातलेलं दाट ताक ठेवा. दुधातलं प्रथिन तिखट जिभेवरून उचलतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी नको. तिची उडदाची चव आणि मीठ भरिताला सांभाळून घेतात, आणि आपल्याला तर ते सांभाळणंच टाळायचं आहे. ती परीक्षणानंतर पोटभर खा.

प्रत्येक परीक्षकाला वाट्या वेगळ्या क्रमानं द्या. जाळ तिखटाच्या मागून आलेलं सौम्य भरीत बेचव वाटतं, आणि तो अन्याय एकाच बाईच्या वाट्याला येऊ नये. वाटी कोमट असतानाच आधी हुंगा, गार झाल्यावर धुराचा वास दबतो. सकाळपासून पान-तंबाखू बंद.

शेरा

"छान", "उत्तम प्रयत्न", "चव वाढवावी" हे शेरे मी खोडते आणि कागद परत देते. शेऱ्यात काय सापडलं आणि त्यावर काय करावं, हे दोन्ही हवं. "लसूण कच्चा राहिला, मिरचीबरोबर भाजून घ्यावा." "साल काढताना जळके कण राहिलेत. पाण्याचा हात लावून पुसावे, वांगं धुऊ नये." वांगं धुतलं की काट्यांचा वास पाण्याबरोबर जातो, हे कुणीतरी लिहून द्यायलाच हवं.

बेरीज दोघांनी तपासावी.

पहिल्या तीन-चार वाट्यांत गुणांचा फरक अगदी थोडा असेल तर आकडे बाजूला ठेवा. त्या वाट्या नव्यानं भरून, नवे क्रमांक देऊन सगळ्या परीक्षकांपुढे एकदम मांडा आणि मोकळेपणानं बोलून क्रम लावा. इथे बोलायला हरकत नाही, कारण प्रत्येकाचं स्वतंत्र मत आधीच कागदावर उतरलेलं आहे. तरीही काकू शेवटी.

निकाल सांगताना आधी क्रमांक वाचा, मग नाव. गुणपत्रिका हरलेल्यांनाही त्याच दिवशी हातात द्या, परीक्षकाच्या सहीसकट.