कॅम्पर व्हॅनमध्ये इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवावी का? नागपूरकरांसाठी ठरवायची पद्धत

आईला थंडी पायांपासून वाजते. जुनी तेरा सीटची गाडी घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली, त्या पहिल्याच हिवाळ्यात तिला पेंचकडे नेलं. एका शेतघराच्या अंगणात मुक्काम होता. पहाटे चारला जाग आली तर आई दोन गोधड्यांखाली गुडघे पोटाशी घेऊन जागीच. काही बोलली नाही, पण मला पुढे झोप लागली नाही.

परत आल्यावर मुलीने अमेरिकेतल्या मोटरहोमचे व्हिडिओ दाखवले. टीव्हीखाली काचेची चौकट, आत नारिंगी ज्वाळा, समोरून गरम हवा. ‘बाबा, आजीसाठी हीच बसवू.’ मी बसवायला निघालोही होतो. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत बरंच मोजलं, एक एक्स्टेन्शन बोर्ड जाळला, आणि माझं मत असं झालं की नागपूरहून फिरणाऱ्या बहुतेक गाड्यांना इलेक्ट्रिक फायरप्लेसची गरज नाही. काहींना मात्र ती खरोखर उपयोगी पडेल. तुमची गाडी कोणत्या गटात बसते, ते घरबसल्या असं ठरवा.

१. आधी एक रात्र अंगणात झोपा

नागपूरची थंडी थोडे दिवसांची असते, पण लेचीपेची नसते. 29 डिसेंबर 2018 ला शहरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. शहराबाहेर, धरणाकाठी किंवा जंगलालगत, गारठा आणखी जाणवतो. चिखलदरा तर सुमारे 1,100 मीटर उंचीवर, तिथला वारा वेगळाच.

म्हणून डिसेंबरच्या एखाद्या रात्री गाडी स्वतःच्या अंगणात किंवा मोकळ्या प्लॉटवर उभी करा आणि आत झोपा. दोन साधे थर्मामीटर ठेवा, एक आत उशाशी, एक बाहेर आरशाला टांगून. झोपताना आणि पहाटे पाचला आकडे लिहून ठेवा. माझ्या गाडीत पहिल्या वेळी बाहेर 8 आणि आत 11 होतं. तीन माणसं रात्रभर श्वास घेत होती तरी फरक फक्त तीन अंशांचा. पुढचं सगळं गणित मला या आकड्यांनी शिकवलं.

२. ज्वाळा आणि ऊब वेगळी करून पाहा

फायरप्लेसमधल्या ज्वाळा म्हणजे एलईडीचा प्रकाश आणि त्याला हलवणारी यंत्रणा. त्याला लागते जेमतेम दहा-वीस वॉट वीज. ऊब येते ती आतल्या हीटरमधून आणि छोट्या पंख्यातून, आणि तो हीटर बहुतेक वेळा 1,500 वॉटचा असतो.

1,500 वॉटची फायरप्लेस जितकी उष्णता देते, तितकीच 1,500 वॉटचा साधा ब्लोअर देतो. विजेचा हीटर कोणताही असो, घेतलेल्या विजेची उष्णताच करतो. महाग पेटीतून जास्त ऊब निघत नाही. जास्तीचे पैसे आपण देतो ते दिसण्याचे, आणि दिसण्याला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. थंडीच्या रात्री समोर जाळ दिसला की माणसं त्याच्याकडे तोंड करून बसतात, बोलायला लागतात. पण आधी उबेचा निकाल लावायचा असेल तर शेजाऱ्याकडून ब्लोअर उसना घ्या आणि अंगणातल्या दुसऱ्या रात्री तो लावून बघा. ब्लोअरने भागत नसेल तर फायरप्लेसनेही भागणार नाही.

३. वीज कुठून येणार, हे पक्कं करा

बहुतेकांचा बेत इथेच अडतो, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घ्या.

अमेरिकेत ही वस्तू मोटरहोममध्ये चालते, कारण तिथल्या मुक्कामाच्या तळांवर गाडीशेजारी विजेचा खांब असतो. 30 अँपिअरचं कनेक्शन, 120 व्होल्ट, म्हणजे 3,600 वॉट. रोजच्या भाड्यात वीज बहुधा धरलेली असते. तिथे गाडीतला गॅस वाचवायचा आणि फुकटच्या विजेवर ऊब घ्यायची, हा सरळ फायद्याचा व्यवहार आहे. हीटर 1,500 वॉटचाच का, तर तिथल्या साध्या 15 अँपिअरच्या सर्किटला तेवढाच झेपतो.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपली गाडी अजून बहुधा कुठल्या तरी रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये, ढाब्यामागे किंवा ओळखीच्या शेतात उभी राहते. तिथे मिळतो तो व्हरांड्यातला एक प्लग. 230 व्होल्टवर 1,500 वॉटला साडेसहा अँपिअर लागतात, म्हणजे लहान 6 अँपिअरचा प्लग बाद. मोठ्या पिनचा 16 अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. बुकिंग करतानाच विचारा: ‘गाडीजवळ गिझरवाला मोठा प्लग आहे का? रात्रभर हीटर चालेल का? त्याचे वेगळे किती घ्याल?’ रात्रीचे आठ तास पूर्ण ताकदीने चालली तर 12 युनिट होतात. मालकाला आधी सांगितलं तर तो खुशीने देतो, नंतर कळलं तर भांडण होतं.

व्होल्टेजही बघा. गावाकडे संध्याकाळी पंप आणि दिवे एकदम सुरू झाले की 230 चे 180 व्हायला वेळ लागत नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 180 व्होल्टला 1,500 वॉटचा हीटर जेमतेम 900 वॉट देतो. वस्तू बिघडलेली नसते, तिला वीजच पुरत नाही. मी आता प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर गाडीतच ठेवतो.

बॅटरीवर चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. 150 अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर 1,800 वॉट-अवर, आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. इन्व्हर्टरची घट धरली तर 1,500 वॉटचा हीटर अर्ध्या तासात तेवढं संपवतो, आणि एवढा मोठा करंट एकदम ओढला तर अर्धा तासही नाही. टपावर 400 वॉटचं सोलर असलं तरी डिसेंबरच्या दिवसभराच्या उन्हातून मिळणारी वीज साधारण एका तासाची ऊब देते.

आता तो बोर्ड. त्या शेतघरी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हीटर सोबत होता. व्हरांड्यातला प्लग गाडीपासून लांब, म्हणून रीळवर गुंडाळलेला एक्स्टेन्शन बोर्ड लावला. हवी तेवढी वायर ओढली, बाकी रीळवर तशीच राहिली. तासाभराने मासळीसारखा वास सुटला. जाऊन बघतो तर गुंडाळलेल्या वायरीचं आवरण मऊ पडून वेढे एकमेकांना चिकटलेले, आणि प्लगची एक पीन तपकिरी. शेतावरचा वायरमन धावत आला, मेन स्विच पाडला आणि म्हणाला, ‘भाऊ, गुंडाळलेल्या वायरीले हवाच नाही भेटून राहिली, ते थंड कुठून होईल?’ आई आत झोपलेली होती. तो वास मी विसरणार नाही. तेव्हापासून माझा नियम ठरला: हीटरसाठी वायर पूर्ण उलगडायची, ती 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची असावी, आणि मध्ये दुसरं मल्टिप्लग काहीही नको.

४. ऊब पळते कुठून ते शोधा

माझी गाडी आतून चार मीटर लांब, 1.8 रुंद, 1.9 उंच. छत, तळ, बाजू धरून साधारण 36 चौरस मीटर पत्रा आणि काच. उघड्या पत्र्यातून ढोबळमानाने दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला पाच वॉट निसटतात. म्हणजे बाहेरपेक्षा आत दहा अंश जास्त हवे असतील तर 1,800 वॉट सतत लागतील. 1,500 वॉटची फायरप्लेस रात्रभर लाल होऊन बसली तरी हरणार.

मग गाडीला अस्तर केलं. छताला आणि बाजूंना इंचभर जाडीचा फोम, त्यावर प्लाय, तळाला रबरी मॅटखाली पातळ थर, काचांना आतून चकचकीत फॉइलचे कापलेले पडदे, आणि ड्रायव्हरच्या केबिनमागे जाड रजईचा पडदा. हा शेवटचा पडदा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणी, कारण समोरच्या काचेतून येणारा गारवा तो अडवतो. पुन्हा अंगणात झोपलो तर बाहेर 8, आत 14, तेही काहीही न पेटवता. तोच दहा अंशांचा फरक राखायला आता सातशे वॉटच्या आसपास पुरतात.

नागपूरकरांनी पैसे आधी इथे घालावेत असं मी कळकळीने सांगतो, कारण हेच अस्तर मे महिन्यात कामाला येतं. पारा 45 च्या वर गेला की पत्र्याची गाडी तव्यासारखी तापते. फोम तेव्हा ऊन बाहेर ठेवतो. फायरप्लेस मात्र दहा महिने पंधरा-वीस किलोचं ओझं होऊन जागा अडवते, आणि त्याच जागेत आपला छोटा कूलर बसला असता.

५. खोली नको, अंथरूण तापवा

आईचा प्रश्न सुटला तो इथे. एका माणसाचं इलेक्ट्रिक ब्लँकेट साठ ते शंभर वॉट घेतं. जी बॅटरी फायरप्लेसला अर्धा तास देत नव्हती, ती ब्लँकेट सात तास चालवते. झोपायच्या अर्धा तास आधी लावायचं, आई आत शिरली की कमी करायचं, पायांशी गरम पाण्याची पिशवी. ब्लँकेट घडी घालून किंवा अंगाखाली चुरगळून वापरू नका, आतली तार एका जागी तापते.

६. शेगडी आत आणू नका, एक मिनिटही नाही

कोळशाची शेगडी, गॅसचा उघडा हीटर, इंजिन चालू ठेवून झोपणं, तिन्ही बंद. बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, ती सकाळी काचांवरून अंथरुणात ठिबकते. विजेच्या उबेचा हा मोठा गुण मान्य केला पाहिजे: धूर नाही, वाफ नाही. तरी एक खिडकी बोटभर उघडी ठेवाच.

वीज न मिळणाऱ्या ठिकाणी नेहमी राहत असाल तर 12 व्होल्टचा डिझेल हीटर बघा. त्याचं जळण बंद कक्षात होतं, धूर पाइपने गाडीखालून बाहेर जातो, आणि दोन किलोवॉट उबेला तासाला पाव लिटरच्या आत डिझेल लागतं. मात्र पाइपचे जोड जाणकाराकडूनच करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

७. फायरप्लेस घ्यायचीच असेल तर

गाडीला अस्तर झालंय, मुक्काम ठरलेल्या जागी असतो, तिथे मोठा प्लग आणि धड व्होल्टेज आहे, आणि घरच्यांना ज्वाळा बघायला आवडतात. असं असेल तर जरूर घ्या. परदेशातून मागवताना 120 व्होल्टची घेऊ नका, आपल्या 230 वर ती जळेल. 750 आणि 1,500 वॉट असे दोन टप्पे, ठरवलेलं तापमान आलं की हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट, आणि ज्वाळा हीटरशिवाय लावायची सोय, एवढं हवंच. मग बाकीच्या दिवसांत दहा-वीस वॉटच्या ज्वाळा बॅटरीवर खुशाल चालतील.

तिच्यासाठी वेगळी लाइन ओढा: 2.5 ची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि आरसीसीबी, म्हणजे 30 मिलिअँपिअर वीज गळली की पडणारा स्विच. गाडी पत्र्याची आहे, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या प्लगला ती कधीही जोडू नका. वायरमनकडून टेस्ट लॅम्पने खात्री करून घ्या. पेटी प्लायच्या चौकटीत बोल्टने आवळा, नाहीतर परतवाड्याचा घाट चढताना ती हलून आतली जोडणी सैल होईल. समोर मीटरभर अंतरात पडदा, गादी, ओला टॉवेल नको. झोपताना हीटर बंद करा, किंवा 750 वर ठेवून थर्मोस्टॅट 18 ला लावा.

पहिल्या रात्री अर्धा तास पूर्ण ताकदीने चालवा, मग मेन बंद करून प्लग काढा आणि पिनांना व वायरीला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर त्या रात्री हीटर लावायचा नाही, गोधडी घ्यायची, आणि सकाळी प्लग बदलायचा.