अंगात आलं नाही, अंग दुखतंय! विशेष मुलांच्या आजारपणात या चुका टाळा

मुलगा सहा वर्षांचा असताना सोफ्याच्या हातावर पोट टेकवून लोंबकळायला लागला. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. त्याला ऑटिझम आहे, बोलत नाही, त्यामुळे नव्या सवयी येणं-जाणं घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. "त्याला दाब आवडतोय," असं आम्हीच ठरवून टाकलं आणि एक जड उशी आणून दिली. तीन आठवडे गेले. मग तो रात्री दोनला उठून रडू लागला, बहिणीला चावला, आणि आम्ही भिंतीवर चांगल्या वागणुकीच्या चांदण्यांचा तक्ता लावला. डॉक्टरांना पोट चाचपायला अर्धं मिनिट लागलं. आतड्यात घट्ट शौच साठून बसलं होतं. तो तक्ता मी अजून ठेवलाय, शहाणपण चढायला लागलं की काढून बघायला.

चूक पहिली: "हे तर त्याचं नेहमीचंच"

बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून येतात. मुलाला एकदा ऑटिझम, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) हे नाव लागलं की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच खात्यावर मांडली जाते. डोकं आपटतोय? ऑटिझम. जेवत नाही? ऑटिझम. डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. वैद्यकात या चुकीला 'डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग' असं नावच आहे: जुन्या निदानाच्या सावलीत नवा आजार दिसेनासा होणं.

पण ऑटिझम मंगळवारी दुपारी अचानक वाढत नाही. चार-सहा दिवसांत वागणं ठळकपणे बदललं असेल तर आधी शरीर तपासायचं, वळण लावायचं ते नंतर. तुलना शेजारच्या मुलाशी करून उपयोग नाही, याच मुलाच्या गेल्या महिन्याशी करायची. डोकं आपटणं त्याला नवं नसेलही. पण पूर्वी तो रागात आपटायचा आणि आता झोपेतून उठून, एकाच बाजूने, कानाकडे हात नेत आपटतो, तर ते वेगळं आपटणं आहे.

कुठे बघायचं? कान आणि दात सगळ्यात आधी. हाताला किंवा बाहीला चावणं, एकाच बाजूने चघळणं, कडक पदार्थ अचानक सोडणं, लाळ वाढणं यामागे किडलेली दाढ असू शकते. डाउन सिंड्रोममध्ये कानाचे मार्ग अरुंद असतात, पडद्यामागे चिकट पाणी साचतं, ऐकू कमी येतं. मग हाक मारल्यावर न वळणारं मूल 'हट्टी' ठरतं. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल जेवणानंतर पाठीची कमान करत असेल, आडवं केलं की रडत असेल, तर पोटातलं आम्ल वर येतंय का ते पाहा. आणि डायपर बदलताना पाय फाकवले की किंचाळत असेल तर खुब्याचा सांधा. सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होऊ लागलं तर लघवीचा संसर्ग. वयात आलेली मुलगी महिन्यातल्या ठरावीक दिवसांतच बिथरत असेल तर कॅलेंडरवर खुणा करा, दोन-तीन महिन्यांत चित्र दिसतं.

आणखी एक, जे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. मोजून चार-पाच पदार्थच खाणारं मूल लंगडायला लागलं किंवा चालायलाच तयार नसेल, हिरड्या सुजून रक्त येत असेल, तर क जीवनसत्त्वाची कमतरता, म्हणजे स्कर्व्ही असू शकतो. हा खलाशांचा जुना आजार ऑटिझम असलेल्या मुलांत आजही सापडतो.

चूक दुसरी: रडत नाही म्हणजे दुखत नाही

भूक, मळमळ, लघवीची भावना, दुखणं या आतून येणाऱ्या संवेदना काही मुलांना नीट उमगत नाहीत. कळ येते, पण ती कुठली आणि कशाची हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. मग कुणी गप्प होतं, कुणी गरागरा फिरतं, कुणी चक्क हसतं. प्राडर-विली सिंड्रोम या जन्मजात जनुकीय विकारात वेदना कमी जाणवते आणि उलटीही क्वचितच होते; म्हणून अशा मुलाला उलटी झाली तर ती किरकोळ समजायची नाही.

न बोलणाऱ्या मुलांचं दुखणं मोजायला तपासणी-याद्या आहेत. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं अशा पाच गोष्टींना गुण देणारी 'फ्लॅक' पट्टी रुग्णालयांत वापरतात. तिच्या सुधारित रूपात आईवडिलांनी आपल्या मुलाच्या खास खुणा जोडायच्या असतात. ३ ते १८ वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलांसाठी ३० खुणांची एक वेगळी यादीही आहे. घरी एवढं सगळं करायची गरज नाही. एका कागदावर दोन रकाने पुरतात: बरा असताना कसा असतो, दुखत असताना कसा होतो. माझ्या मुलाच्या दुसऱ्या रकान्यात पहिली ओळ आहे: "गुणगुणणं बंद."

चूक तिसरी: आजारी पडल्यावर "कुठे दुखतंय?" विचारणं

ताप चढलेला असताना नवा शब्द कुणी शिकत नाही. 'दुखतंय'चं कार्ड, शरीराचं चित्र, टॅबवरचं बटण हे सगळं मूल ठणठणीत असताना शिकवायचं. गुडघा खरचटला की त्याच क्षणी तिथे बोट ठेवून शब्द द्यायचा, कारण तेव्हा दुखणं डोळ्यांना दिसत असतं. बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीतही जरा जपून. बरीच मुलं प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतात. पोट दुखतं का? हो. मग विचारा, नखं दुखतात का? त्यालाही 'हो' आलं तर पहिल्या 'हो'वर विसंबू नका.

चूक चौथी: पातळ शी झाली म्हणजे जुलाब

बरेच दिवस कुंथणारं मूल एकाएकी कपडे खराब करू लागतं, पातळ, दिवसातून अनेकदा. आपण जुलाब थांबवायला धावतो. प्रत्यक्षात आत घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शौच पाझरतं. मुलाला ते थांबवता येत नाही, बऱ्याचदा कळतही नाही. जुलाब थांबवणारं औषध दिलं तर आणखी पंचाईत. किती दिवसांनी, किती, कशी, याची नोंद डॉक्टरांना द्या. लाजायचं कशाला?

चूक पाचवी: औषधाला विसरणं

कधी आजाराने नाही, उपचाराने मूल बिथरतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल हात थरथरवतं, छाती धडधडवतं. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड वाढते. सर्दीची काही औषधं झोप आणतात, पण काही मुलं त्यांनीच उधळतात. दमा-अ‍ॅलर्जीवरच्या मॉन्टेलुकास्टमुळे मनःस्थिती आणि वागणं बदलू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. यातलं काहीही मनाने बंद करू नका. बदल कोणत्या डोसनंतर दिसला ते लिहा आणि फोन करा.

आकडीची औषधं चालू असलेल्या मुलांची गोष्ट आणखी नाजूक. ताप, उडालेली झोप आणि उलटीत पडलेली गोळी, या तिन्हींनी आकडीचा धोका वाढतो. गोळी उलटून पडली तर पुन्हा द्यायची का, हे आधीच विचारून ठेवा. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स कार्बामाझेपिन या आकडीवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. मूल झिंगल्यासारखं चालायला लागतं आणि आपल्याला वाटतं, तापाचा अशक्तपणा. नवं औषध लिहून घेताना जुन्यांची यादी समोर ठेवायची ती याचसाठी. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही.

चूक सहावी: ताप आल्यावर शांत झालं, म्हणजे बरं वाटतंय

हे विचित्र आहे, पण खरं आहे: ऑटिझम असलेली काही मुलं ताप असताना जास्त नजर देतात, कमी चिडतात, एखादा शब्दही बोलतात. २००७ मध्ये ३० मुलांच्या एका अभ्यासात आईवडिलांनी हेच नोंदवलं होतं. पालकाला तो दिवस वरदानासारखा वाटतो, मी नाकारणार नाही. पण शांतपणा आणि ग्लानी यांतला फरक बघा. हलवल्यावर नीट जागं होत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, श्वास धापेने चालला असेल, मान ताठ असेल, हिरवी उलटी झाली असेल, किंवा आकडी पाच मिनिटांच्या पुढे गेली असेल तर थेट रुग्णालय.

चूक सातवी: डॉक्टरांना फक्त 'त्रास' सांगणं

"फार मारतोय हल्ली" म्हणालात तर औषधही मारण्यावरच मिळेल. त्याऐवजी: पूर्वी असा होता, गेल्या गुरुवारपासून असा आहे, जेवणानंतर वाढतं, रात्री दोनला उठतो. मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात मूल नेमकं वेगळं वागतं. सकाळची पहिली वेळ मागा. कान, घसा, दात, पोट बघून झालं की कपडे काढूनही बघायला सांगा. मुलग्यांत अंडकोषाला पीळ पडतो तेव्हा हातात काही तासच असतात, आणि न बोलणारा मुलगा फक्त ओरडतो, चालत नाही, ओकतो. हाताला लागेल ते तोंडात घालणारं मूल असेल तर गोल चपटी बॅटरी किंवा लोहचुंबक गिळल्याची शंकासुद्धा सकाळपर्यंत थांबवायची नाही.

चूक आठवी: ताप उतरला, चला शाळेत

आजारपणात बसवलेली घडी मोडते. शौचाची सवय, दोन-चार शब्द, स्वतः जेवणं मागे पडतं. पहिले काही दिवस अपेक्षा अर्ध्या ठेवा, दिवसाचा जुना क्रम मात्र लवकर परत आणा. माझा मुलगा पोट साफ झाल्यावरही आठवडाभर सोफ्यावर लोंबकळत होता. दुखणं गेलं तरी सवय रेंगाळते. गेलेले शब्द किंवा चालणं-बसणं दोन-तीन आठवड्यांतही परत आलं नाही, किंवा रोज थोडं थोडं आणखीच जातंय असं दिसलं, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न बघता वेळ घ्या.