कपड्यांची पावडर घरी करायची, तर आधी काय काय गोळा कराल

सोडा आणायला पिशवी घेऊन बाहेर पडण्याआधी एक काम घरबसल्या होण्यासारखं आहे. आत्ता वापरता ती पावडर कितीला आणली आणि तेवढ्यात किती बादल्या धुणं निघालं, हे मांडा. किलोचा भाव इथे फारसा कामाचा नाही, बादलीमागे किती पडले ते पाहायचं. बहुतेक घरांत पावडर मापाने पडतच नाही. पिशवीतून थेट ओतली जाते आणि फेस बादलीबाहेर आला की मनाचं समाधान होतं. आठवडाभर सपाट चमचा मोजून टाकून बघा. पुष्कळांची बचत तिथेच होते आणि पुढचा खटाटोप करायची गरज उरत नाही.

तरीही हौस असेल, किंवा घरात माणसं जास्त आणि धुणं ढीगभर असेल, तर आता घरच्या पावडरचा हिशोब मांडू. पावडरला मुख्य जिन्नस दोनच: सोडा ॲश, म्हणजे धुण्याच्या सोड्याची कोरडी भुकटी, आणि ॲसिड स्लरी, म्हणजे ज्यापासून डिटर्जंट होतो ते दाट आम्ल. प्रमाण एक किलो सोड्याला दीडशे ग्रॅम स्लरी. समजा, सोडा ६० रुपये किलो मिळाला आणि स्लरी १८० रुपये किलो. म्हणजे सोड्याचे ६० आणि स्लरीचे २७, एकूण ८७ रुपयांत सव्वा किलोला थोडी कमी पावडर. किलोला पंचाहत्तरच्या आसपास पडली. तुमच्या गावचे भाव घालून हीच आकडेमोड करा. बाजारातली सर्वांत स्वस्त पावडर याच भावात मिळत असेल, तर घरी करण्यात पैसे वाचत नाहीत, उलट हातमोजे-चष्म्याचा खर्च अंगावर येतो. मधल्या किंवा भारी पावडरशी तुलना केली तरच फरक दिसतो. खरी बचत होते ती चार-पाच घरांनी मिळून माल आणला तर. सोडा ॲशचं पोतं ५० किलोचं येतं, पोत्याने घेतल्यावर भाव उतरतो, आणि म्हणूनच बचत गटांना हा धंदा परवडतो.

ही रीत काही नवी नाही. १९६९ साली अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घराच्या मागच्या अंगणात अशीच पावडर कालवली, सायकलवरून दारोदार विकली आणि मुलीच्या नावावरून तिला निरमा म्हटलं. नामांकित कंपनीची पावडर तिपटीहून महाग होती, यांनी तीन-साडेतीन रुपये किलोने दिली. तुम्हाला कारखाना काढायचा नाही, पण रसायन तेच आहे.

आता पाणी. नळाचं आहे की बोअरचं? स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचे दोन-चार पातळ काप टाका, झाकण लावून जोरात हलवा. वर फेसाचा थर उभा राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं, तर पाणी हलकं. फेस बसून दुधाळ पाण्यात नासल्यासारखे कण तरंगू लागले, तर पाणी जड. तसं तर डाळ शिजायला वेळ लागतो आणि नळाच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो, एवढ्यावरूनही घरच्यांना ते ठाऊक असतं. दख्खनच्या काळ्या कातळातून उपसलेलं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी असंच निघतं.

हे पाहून ठेवायचं कारण म्हणजे साबण किसून पावडर करायची ती अमेरिकन रीत. साबणाचा कीस, टाकणखार आणि सोडा एकत्र केला की झाली पावडर, असं हजार ठिकाणी सांगतात. दिसायला सोपी, धोका कमी, घरभर वासही छान. पण जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा चिकट साका होतो. बाटलीत जे कण दिसले तेच कपड्याच्या धाग्यात बसतात. पहिल्या महिन्यात काही कळत नाही. मग टॉवेल पाणी टिपेनासा होतो, पांढरा सदरा करडा पडतो आणि मशीनच्या ड्रमला आतून मेण चढतं. स्लरीपासून झालेला डिटर्जंट जड पाण्यातही काम करतो, आणि सोबतचा सोडा त्या क्षारांना आधीच बाजूला काढतो. म्हणून बोअरवाल्यांनी साबण किसायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीन कोणतं, हेही आधीच बघा. हाताने धुणं असेल किंवा सेमी-ऑटोमॅटिक असेल तर ही पावडर चालते. समोरून दार उघडणाऱ्या मशीनला मात्र नको. त्या मशीनला कमी फेसाची पावडर लागते आणि आपल्या पावडरला फेस भरपूर. फेस वाढला की कपडे नीट आपटले जात नाहीत, पाणी काढताना मशीन अडकतं. वर वॉरंटीचा वाद निघाला तर घरची पावडर वापरली होती हे कोणाला सांगणार?

खरेदीला निघाल्यावर नावं नीट सांगा. किराणा दुकानात नुसतं ‘सोडा द्या’ म्हटलं तर ढोकळ्याचा खायचा सोडा हातात पडेल. तो इथे उपयोगाचा नाही. ‘धुण्याचा सोडा’ म्हटलं तर बऱ्याचदा काचेसारखे खडे मिळतात, आणि ते स्वस्त वाटतात. पण त्या खड्यांत निम्म्याहून जास्त पाणी असतं. एक किलो खड्यांत कोरडा सोडा जेमतेम ३७० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या भावात मिळाले तरी महागच. शिवाय खड्यातल्या पाण्याने स्लरीचा लगदा होतो. तेव्हा रसायनांच्या दुकानातून पांढरी भुकटी, सोडा ॲश म्हणूनच मागायची. तिच्यातही हलका आणि जड असे दोन प्रकार येतात. हलका घ्या, तो स्लरी चांगली पितो. स्लरी त्याच दुकानात मिळते. गडद तपकिरी, काकवीसारखी दाट आणि उग्र वासाची. बाटली जाड प्लास्टिकची, झाकण घट्ट, आणि येताना पिशवीत उभी राहील अशी व्यवस्था करून जा. भाजीच्या पिशवीत तर नाहीच. दुकानदार रंग, अत्तर, निळे दाणे, भरीसाठी मीठ असं बरंच दाखवेल. पहिल्या खेपेला यातलं काहीही घेऊ नका. रंगाने कपडे निघत नाहीत, आणि भर घालायची तर चमचा लहान घेतलेला काय वाईट?

आता जरा थांबून हे वाचा, कारण तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. स्लरी हे आम्ल आहे. कातडीवर पडलं तर भाजतं, डोळ्यात गेलं तर फारच वाईट. रबराचे जाड हातमोजे हवेत, कोपरापर्यंत येणारे. दवाखान्यातले पातळ मोजे उपयोगाचे नाहीत. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा, नाकातोंडावर मास्क किंवा दुहेरी रुमाल, कारण सोड्याची धूळही घसा धरते. अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, पायात चप्पल नको, बूट. जागा गच्ची किंवा अंगण, नाहीतर खिडक्या उघड्या असलेली मोरी. पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या हाताशी. स्लरी अंगावर उडाली तर लगेच भरपूर पाणी ओतायचं. डोळ्यात उडाली तर किमान पंधरा मिनिटं पाण्याने धुवून तडक डॉक्टरांकडे. घरात लहान मूल रांगत असेल, तर त्या दिवशी त्याला आजीकडे सोडा किंवा हा बेत पुढे ढकला.

भांडी स्वयंपाकघरातली नकोत. प्लास्टिकचं पसरट घमेलं, लाकडी काठी, जुनी प्लास्टिकची चाळण आणि स्लरी मोजायला एक प्लास्टिकचा मग, एवढं पुरे, आणि हे सगळं पुढे याच कामाला ठेवायचं. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही घेऊ नका, सोडा आणि आम्ल दोन्ही त्याला खातात. लोखंडी घमेलंही नको. वजनकाटा मात्र हवा, कारण अंदाजपंचे हे काम होत नाही. काट्यावर प्लास्टिकची पिशवी अंथरली की तो पुन्हा पिठासाठी वापरता येतो.

दिवस कोरडा निवडा. पावसाळ्यात सोडा हवेतलं पाणी ओढतो, गठ्ठे होतात आणि चाळता चाळता हात मोडून येतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम.

प्रत्यक्ष काम फार नाही, पण दोघं असावेत. एक किलो सोडा घमेल्यात पसरून गुठळ्या फोडून घ्या. एकाने स्लरीची बारीक धार धरायची, दुसऱ्याने काठीने सतत कालवायचं. नेहमी स्लरी सोड्यात जाईल, सोडा स्लरीत नाही. थोडी ओतली की थांबा. घमेलं कोमट लागतं, मिश्रण किंचित फुगतं, बारीक सुरसुर ऐकू येते. तो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. सगळी स्लरी एकदम ओतली तर वर फसफसून येईल आणि आत तपकिरी गोळे राहतील. ओतून झाल्यावर मोज्यातल्या हाताने गोळे चुरडत राहा. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतात, तसंच हे चोळणं. गोळे राहिले तर त्यांच्या पोटात कच्ची स्लरी असते, म्हणून इथे आळस नको. खरं तर शंभर ग्रॅम स्लरीचं आम्ल मारायला पंधरा-सोळा ग्रॅम सोडा पुरतो. आपण घातलेला बाकीचा सोडा पाणी हलकं करायला आणि तेलकटपणा काढायला आहे. कालवलेलं मिश्रण रात्रभर उघडं पसरून ठेवा, मुलं आणि मांजर पोचणार नाही अशा जागी. सकाळी चाळा. रंग पिवळसर, मातकट येईल. दुकानातली शुभ्र पावडर आणि तिच्यातले निळे ठिपके डोळ्यांसाठी असतात.

चाळणीवर उरलेला एखादा गोळा चमचाभर पाण्यात विरघळवा आणि त्यात चिमूट हळद टाका. पाणी लालभडक झालं म्हणजे आम्ल संपलं, सोडा वरचढ आहे. पिवळंच राहिलं तर तो गोळा फोडून पुन्हा सोड्यात चोळायचा. हेच हळदीचं नाटक धुताना बादलीतही दिसेल. वरणाचा डाग पडलेला सदरा या पावडरीत भिजवला की डाग लाल होतो आणि घरात आरडाओरडा होतो. घाबरू नका. खळखळून कपडा उन्हात टाका, डाग उन्हाने उडतो.

पहिली बादली जुन्या चादरीची किंवा पोतेऱ्याची. पंधरा लिटरच्या बादलीला पंचवीस ग्रॅम पावडर, म्हणजे मोठे दोन सपाट चमचे. पाणी जड असेल तर थोडी जास्त. पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग कपडे. खळखळणं एकदा जास्तच हवं, कारण सोडा कपड्यात राहिला तर अंगाला खाज येते. हाताने धुणाऱ्यांच्या बोटांची सालं निघतात, तेव्हा मोजे घाला किंवा धुऊन झाल्यावर खोबरेल चोळा. तान्ह्या बाळाचे कपडे आणि ज्याला इसब आहे त्याचे कपडे या पावडरीत घालू नका. रक्त, दूध, घामाचे डाग हिच्याने सहज जात नाहीत. भारी पावडरींत त्यासाठी एन्झाइम असतात, आपल्या घमेल्यात ते कुठून येणार? असे डाग आधी गार पाण्यात भिजवा. पांढऱ्या कपड्यांना दुकानातल्या पावडरीची चकाकी टिनोपालसारख्या पदार्थाने येते. ती हवीच असेल तर शेवटच्या पाण्यात नीळ घाला, जुन्या लोकांचं तेवढ्यात भागत होतं.

रेशीम आणि लोकर या पावडरपासून दूर. सोड्याने रेशमाची झळाळी जाते, लोकर आटून खरखरीत होते. पैठणीसाठी आणि स्वेटरसाठी किराण्यातून रिठे आणा. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, सालं कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. सोनार दागिने याच पाण्याने धुतात. फेस नाजूक येतो पण मळ निघतो. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, त्यामुळे लागेल तेवढंच करा किंवा बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा. पांढऱ्या रेशमावर आधी कोपऱ्यात लावून बघा, पिवळट झाक येऊ शकते. रोजच्या धुण्याला रिठा परवडत नाही. कोकणात दारात झाड असेल त्याची गोष्ट वेगळी.

तयार पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख. उरलेली स्लरी मूळ बाटलीतच, कुलपात. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीच नाही, तहानलेला माणूस लेबल वाचत बसत नाही. ब्लीचच्या बाटलीशेजारीही ठेवू नका, आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू सुटतो. आणि धुण्याचं पाणी झाडांना घालायची सवय असेल तर ती या पावडरीपुरती मोडा. सोड्याने माती खारवते, कुंडीतली तुळस आधी पिवळी पडते.