एबीएसचा दिवा विझत नाही? पार्ट बदलण्याआधी चाक शोधा

एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. चावी ऑन केली की डॅशबोर्डवर तिचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. गाडी सुरू झाल्यावरही तो तसाच राहिला, तर एबीएसने स्वतःला बंद करून घेतलंय असं समजा. साधा ब्रेक लागतो, म्हणून बरेच जण महिनोन् महिने तशीच गाडी चालवतात. पण जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम झालं तर गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही. पावसात पसरणी किंवा यवतेश्वर घाट उतरणाऱ्याला एबीएस नेमकं तिथेच लागतं.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी बाजूला घ्या. हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे ते बघा. ऑइल कमी असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा पॅड झिजलेत. नुसती भर घालून प्रश्न मिटत नाही. हँडब्रेक सुटलेला, ऑइल भरलेलं आणि तरी दोन्ही दिवे लागलेले असतील, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

फक्त पिवळा असेल तर आधी एक गोष्ट टिपून ठेवा: दिवा कधी लागतो? चावी ऑन केल्यापासून विझतच नसेल, तर तुटलेली वायर, फ्यूज किंवा बॅटरीकडे संशय जातो. गाडी हलल्यावर, थोडा वेग घेतल्यावर लागत असेल, तर एखाद्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल येत नाही. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता पेडल थरथरत असेल, तर चाकासोबत फिरणारी, सेन्सर जिचे दात मोजतो ती दातेरी रिंग तडकलीय किंवा सेन्सर तिच्यापासून लांब गेलाय. पाऊस किंवा वॉशिंगनंतरच लागत असेल, तर कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडणीत, पाणी शिरतंय. एवढं सांगितलंत तरी मिस्त्रीचं निम्मं काम होतं.

बॅटरी आणि फ्यूज घरीच बघता येतात. इंजिन बंद असताना बॅटरीला साधारण 12.6 व्होल्ट आणि सुरू असताना 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालू नका.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. मोबाईलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि ते वाचणारा स्कॅनर लागतो. कोडमधलं डावं-उजवं ड्रायव्हर सीटवर बसून धरायचं. आणि ‘पुढचा डावा सेन्सर’ असा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. त्या चाकापासून मॉड्यूलपर्यंतच्या (एबीएसच्या कंट्रोल बॉक्सपर्यंतच्या) वाटेत कुठेतरी दोष आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मिस्त्रीला स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चाकांचा चालू वेग, लावायला सांगा. तीसच्या वेगाने सरळ चालवताना चारही चाकांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा शून्यावर बसला किंवा मध्येच पडला, तर चाक सापडलं.

आता त्या चाकाशी नीट वेळ घालवा. बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकसोबत स्टँड द्या, मगच चाक काढा. आपल्याकडे ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावरची काळी चिकट माती हबच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळून दगडासारखी होते. ती आधी काढा. सेन्सरची वायर बोटांनी चाचपत वरच्या कपलरपर्यंत जा. क्लिप तुटली की वायर टायरला किंवा शॉकअपला घासते. शेताशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांचे दातही दिसतील. कपलर उघडून आत हिरवा गंज दिसला, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा.

जुन्या गाडीत सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो आणि सेन्सर केसभर वर उचलला जातो. तेवढ्यानेही सिग्नल कमजोर पडतो. सेन्सर काढताना हातोडी मारू नका, गंज सोडवणारा स्प्रे मारून हळूहळू फिरवत काढा. टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसा, बैठक पॉलिश पेपरने घासा. दातेरी रिंग असेल तर चाक हाताने फिरवत एकेक दात बघा.

दोन वायरींचा जुन्या प्रकारचा सेन्सर असेल तर मीटरने रोध मोजा. बहुतेक गाड्यांत तो हजार ओहमच्या आसपास येतो. दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून बघा. नव्या धाटणीच्या ॲक्टिव्ह सेन्सरवर मात्र ओहमचा मीटर लावू नका, सेन्सर खराब होऊ शकतो. तिथे लाइव्ह डेटावरच भरवसा ठेवा.

बेअरिंग बदलल्यानंतर दिवा लागला असेल, तर उलटं बसलंय का ते आधी विचारा. काही बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये चुंबकी पट्टी असते आणि ती सेन्सरकडेच यावी लागते. एका ॲक्सलवर वेगवेगळ्या मापाचे टायर असले तरी दिवा लागू शकतो.

मॉड्यूल सर्वात शेवटी. चाकं, वायरिंग, फ्यूज आणि अर्थिंग तपासल्याशिवाय कुणी मॉड्यूल बदला म्हणत असेल तर थांबा, दुसऱ्याला दाखवा. दिव्याचा बल्ब काढून टाकण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका.

काम झालं की कोड पुसून घ्या. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, तीसच्या वेगाने एकदा जोरात ब्रेक दाबा. पेडल थरथरलं, खरखर आवाज आला आणि गाडी सरळ थांबली, म्हणजे एबीएस काम करतंय. काही गाड्यांत दिवा थोडं अंतर चालवल्यावरच विझतो, तेव्हा लगेच विझला नाही म्हणून पुन्हा खोलाखोली करू नका.