साहेबाशी जमवून घेताना या चुका टाळा

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत माझी बहुतेक नोकरी गेली. हाताखाली पोरं येतात, हुशार असतात. ड्रॉइंग वाचता येतं, एक्सेल तर माझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि ठरावीक चुका करून वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसतात. मग चहाच्या टपरीवर निकाल लागतो, "साहेबाचे लाडके वेगळे आहेत." असतात ना लाडके. पण ते कोण, हे नीट बघा. ज्याच्यामुळे साहेबाला त्याच्या साहेबासमोर कधी मान खाली घालावी लागली नाही, तोच बहुतेक वेळा लाडका निघतो. वाढदिवसाचा केक आणणारा केकपुरताच लक्षात राहतो.

वाईट बातमी सकाळपर्यंत दाबून ठेवणे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि दर वेळी तेवढाच वैताग येतो.

एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला एक तरुण इंजिनिअर होता. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलल्यावर ऑपरेटरने ऑफसेट, म्हणजे पात्याच्या जागेची दुरुस्ती, चुकीचा दिला आणि बोअर, म्हणजे तुकड्यातलं भोक, मोठा व्हायला लागला. भोक तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत जात होती. पोराने मशीन थांबवलं, ऑफसेट सुधारला, समोरचा माल वेगळा काढला. इथपर्यंत शाबासकीचं काम. पण त्याच लॉटचे काही बॉक्स घेऊन गाडी आधीच गेटबाहेर पडली होती. त्याला वाटलं, त्यातले तुकडे बरे असतील, रात्री दोनला साहेबाची झोप कशाला मोडा. लॉगबुकात "ऑफसेट करेक्शन केले" एवढंच लिहिलं, पाळी संपवून घरी गेला आणि फोन सायलेंटवर टाकून झोपला.

सकाळी ग्राहकाच्या सप्लायर क्वालिटीवाल्याचा फोन आला. बेअरिंग बोअरमध्ये सैल बसतंय, लाइन थांबली आहे. प्लांट हेड तेव्हा मीटिंगमध्ये बसले होते. त्यांनी प्रॉडक्शनच्या साहेबाकडे पाहिलं. साहेब छाती ठोकून म्हणाला, "आमच्याकडून असं काही गेलेलं नाही." अर्ध्या तासात कुणीतरी लॉगबुक उघडलं.

पुढचं या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. आमची माणसं ग्राहकाच्या आवारात बसून एकेक तुकडा तपासत होती, नुकसानीचे पैसे कापायची डेबिट नोट आली, एट-डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि पुन्हा कशी होणार नाही याचा पायरीपायरीने अहवाल, लिहावा लागला. चूक मुळात ऑपरेटरची, आणि तशी किरकोळ. पण चार लोकांत साहेब खोटा पडला. पोराला कुणी काढलं नाही, कुणी ओरडलंही नाही फारसं. फक्त त्यानंतर तो जो आकडा सांगेल, तो साहेब दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचा. मशीन शॉपची जबाबदारी द्यायची वेळ आली तेव्हा त्याचं नावच निघालं नाही. त्याला अजूनही वाटतं की राजकारण झालं.

अशा वेळी रात्रीच फोन करायचा आणि तीन वाक्यं बोलायची. काय झालं, कुठपर्यंत गेलंय, मी काय अडवलंय. "सर, बोअर मोठा झालाय, लॉटचे काही बॉक्स गाडीत गेलेत, प्लांटमधला माल होल्डवर ठेवलाय." बास. मूळ कारण त्या वेळी सांगायला जाऊ नका. झोपेतून उठवून अंदाज ऐकवले, तर सकाळी साहेब तेच अंदाज पुढे खात्रीने सांगतो आणि घोळ दुप्पट होतो. एट-डीमध्येसुद्धा माल अडवणं ही तिसरी पायरी आहे आणि मूळ कारण चौथी.

हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं, प्रॉब्लेम आणू नका, उत्तर घेऊन या. मला ते आवडत नाही. नवखी पोरं उत्तर शोधत बसतात आणि तोवर गाडी ग्राहकाच्या गेटवर पोहोचते. उत्तर नसेल तर नुसता प्रॉब्लेम घेऊन या, पण वेळेत.

ग्रुपवर साहेबाला दुरुस्त करणे

व्हॉट्सअॅप ग्रुपवर साहेबाने आकडा चुकीचा टाकला तर त्याला वेगळा मेसेज करा. तो स्वतः बदलेल. ग्रुपवर "सर, इट इज ९४, नॉट ९६" लिहून कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

"आधीचे सर असं करायचे"

नवा साहेब आला की हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याला आकडे मेलवर हवेत की तोंडी, सकाळी हवेत की पाळी संपताना, हे सरळ विचारून घ्या. आणि साहेब तमिळ किंवा जर्मन असेल तर त्याच्यासमोर आपापसात मराठीत हसू नका. त्याला शब्द कळत नाहीत, हसणं कळतं.

अप्रेझलचा फॉर्म शेवटच्या रात्री भरणे

वर्ष एप्रिल ते मार्च. फॉर्म भरायची मुदत संपत आली की पोरं जागी होतात आणि लिहितात, "दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली." हे वाचून साहेबाने काय करायचं?

रेटिंग तो एकटा ठरवत नाही. बऱ्याच कंपन्यांत सगळे विभागप्रमुख एका खोलीत बसतात आणि वरच्या श्रेणीत किती जण घ्यायचे, ते आधीच ठरलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये मोडीत काढली, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती चालूच आहे. त्या खोलीत तुमचा साहेब तुमच्यासाठी दुसऱ्या साहेबाशी भांडत असतो, आणि भांडायला त्याला आकडा लागतो. "मेहनती मुलगा आहे" म्हटलं की समोरचा म्हणतो, माझाही आहे. "याच्या लाइनवरचं रिजेक्शन निम्म्यावर आलं, हे महिन्यांचे आकडे" म्हटलं की समोरचा गप्प होतो.

आमच्याकडे भोसरीत गुरुवारची सुट्टी. मी बुधवारी निघण्यापूर्वी एका शंभर पानी वहीत त्या आठवड्याचं लिहून ठेवतो. तारीख, काम, आकडा. काही आठवड्यांत काहीच नसतं, तेही लिहितो. पोरांना हे सांगितलं की ती अॅप कोणतं वापरू म्हणून विचारतात. वही वापरा हो.

सरकारी नोकरीत या बाबतीत एक हक्क तरी आहे. बॉर्डर रोड्समधल्या देव दत्त या अभियंत्याला १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला होता, बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता, आणि शेरा त्यांना कुणी कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. खासगी कंपनीत हा निकाल लागू नाही. तिथे वर्षाच्या मध्यावर, ऑक्टोबरच्या आसपास, आपणच साहेबाला विचारायचं, "सर, आत्ता रेटिंग द्यायचं झालं तर किती द्याल?" उत्तर कडू असलं तरी हातात सहा महिने असतात.

साहेबाला वळसा घालून वर जाणे

वरचा साहेब तुमचं गोड बोलून ऐकून घेतो आणि संध्याकाळी तुमच्या साहेबाला फोन करतो. दोघांना रोज एकत्र काम करायचं असतं. जायचंच असेल तर आधी साहेबाला सांगून जा.

याला अपवाद आहेत. सुरक्षेचा गार्ड काढून मशीन चालवायला सांगितलं, खोटी तपासणी-नोंद करायला सांगितली, तर साहेबाचा मान ठेवत बसू नका. लैंगिक छळ असेल तर हा लेख बाजूला ठेवा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. बाईने घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करायची असते, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर टेबलावर आपटणे

दीड वर्ष झालं की डेप्युटी मॅनेजर व्हायचंय, नाहीतर ऑफर दाखवायची. हा शॉर्टकट एकदा चालतो. साहेब वरून खास मंजुरी आणतो, स्वतःचा शब्द खर्च करतो, पगार वाढतो. आणि त्याच आठवड्यात तुमचं काम दुसऱ्या कुणाला तरी शिकवायला सुरुवात करतो. पैसे वाढवून हवे असतील तर दिवाळीनंतर, बजेटचे आकडे बसायच्या आधी बोला. एप्रिलमध्ये पगारवाढीचं पत्र हातात पडल्यावर साहेबाकडेही द्यायला काही उरलेलं नसतं.

आणि सोडायचंच ठरलं, तर साहेबाला आधी समोर बसून सांगा. पोर्टलवरच्या राजीनाम्याचा मेल तुमच्याआधी त्याच्याकडे पोहोचू देऊ नका. चाकणमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, पुढच्या कंपनीतून तुमच्याबद्दल विचारायला फोन त्यालाच येणार आहे.