अकाउंटिंग सॉफ्टवेअर लावताना या चुका टाळा : तेरीज जुळते, तरी हिशोब चुकतो तो इथे

वहीवरून सॉफ्टवेअरवर आलं की बेरजांच्या चुका संपतात, हे खरं आहे. नावे आणि जमा बाजू सारखी नसेल तर कुठलंही बरं सॉफ्टवेअर नोंद जतनच करू देत नाही. गोची तिथेच आहे. भाडं दुरुस्तीच्या खात्यात गेलं, एकच विक्री दोनदा चढली किंवा नोंद चुकीच्या वर्षात पडली, तरी तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची यादी) जुळतेच. सॉफ्टवेअर फक्त दोन्ही बाजूंची बरोबरी सांभाळतं. रक्कम योग्य खात्यात, योग्य तारखेला आणि एकदाच पडली का, हे बाहेरच्या पुराव्याशी ताडून आपल्यालाच बघावं लागतं. बहुतेक चुका मांडणीच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि वर्ष बंद करताना उघड्या पडतात.

घाईत भरलेला पहिला पडदा

सॉफ्टवेअरमध्ये कंपनी तयार करताना आर्थिक वर्षाची सुरुवात, मूळ चलन, स्टॉकच्या मूल्यांकनाची पद्धत असे चार-पाच प्रश्न येतात. लोक ‘नंतर बदलू’ म्हणून पुढे जातात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पहिला व्यवहार चढल्यावर मूळ चलन बदलता येत नाही, आणि मूल्यांकनाची पद्धत मध्येच बदलली तर आधीच्या महिन्यांचा नफा आणि पुढचा नफा यांची तुलनाच होत नाही.

उपाय सोपा आहे: आधी एक चाचणी कंपनी उघडा. तिच्यात दहा-बारा नोंदी करा. उधारीची विक्री, तिची अर्धवट वसुली, विक्रीपरत, खरेदी, आगाऊ दिलेली रक्कम, बँकेचे शुल्क, पगार, घसारा. प्रत्येक नोंदीनंतर नफातोटा पत्रक आणि ताळेबंद उघडून काय हललं ते पाहा. अपेक्षेबाहेरचं काही हललं तर मांडणी चुकली आहे. ही कंपनी नंतर पुसू नका, नवीन माणसाला शिकवायला ती कामी येते.

खात्यांची यादी: लांबीपेक्षा प्रकार महत्त्वाचा

चार शाखा आणि पंधरा प्रकारचे खर्च असतील तर ‘वीजबिल – पहिली शाखा’, ‘वीजबिल – दुसरी शाखा’ अशी साठ खाती उघडली जातात. त्याऐवजी खर्चाची पंधराच खाती ठेवा आणि शाखा कॉस्ट सेंटर (खर्च कुठला हे सांगणारी खूण) म्हणून लावा. तसंच प्रत्येक ग्राहकाचं खातं मुख्य यादीत उघडू नका. ग्राहक हे ग्राहकांच्या नोंदवहीत राहतात आणि त्यांची एकूण बाकी ‘येणी’ या एकाच नियंत्रण खात्यात दिसते. खात्यांना क्रमांक देत असाल तर मध्ये जागा सोडा: ५०१०, ५०२०, ५०३०. उद्या मधलं खातं लागतंच.

लांब यादी त्रासदायक असते, पण चुकीचा प्रकार घातक असतो. खातं कोणत्या पत्रकात दिसणार आणि वर्षअखेर त्याचं काय होणार, हे प्रकार ठरवतो. उत्पन्न-खर्चाची खाती वर्ष बंद होताना शून्य होतात, मालमत्ता आणि देणी पुढे ओढली जातात. कर्ज चुकून ‘उत्पन्न’ प्रकारात उघडलं तर या वर्षी नफा फुगतो आणि पुढच्या वर्षी कर्जाची बाकीच दिसत नाही. ‘गेल्या वर्षीची शिल्लक गायब झाली’ अशी तक्रार आली की सर्वात आधी खात्याचा प्रकार तपासा. मालकाची उचल खर्चात आणि यंत्राची खरेदी दुरुस्तीत, या दोन चुका तर हटकून सापडतात.

आरंभीच्या शिलका: इथे सर्वाधिक माती होते

आधी एक कटऑफ तारीख ठरवा. तिच्या आदल्या दिवशीच्या शिलका भरायच्या, आणि त्या तारखेपासूनचे व्यवहार नव्या सॉफ्टवेअरमध्ये. शक्यतो वर्षाची किंवा निदान महिन्याची सुरुवात धरा.

समजा आदल्या दिवशीची तेरीज अशी आहे: येणी २,४०,०००, स्टॉक ३,१०,००० आणि बँक ९०,००० नावे, देणी १,८०,००० आणि भांडवल ४,६०,००० जमा. दोन्ही बाजू ६,४०,०००. आता नेहमीची चूक बघा. तेरजेवरून सगळे आकडे भरले जातात, मग ‘ग्राहकवार बाकीही हवी’ म्हणून प्रत्येकाची थकीत बिलं चढवली जातात. येणी ४,८०,००० होतात. तेरीज अर्थातच जुळलेली!

योग्य क्रम असा. एक सस्पेन्स खातं, म्हणजे रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं, उघडा. थकीत बिलं ग्राहकवार, मूळ तारीख आणि बिल क्रमांकासह भरा, त्यांची दुसरी बाजू सस्पेन्समध्ये. पुरवठादारांची देणी आणि मालवार स्टॉक तसाच. मग तेरजेतली उरलेली खाती जर्नल नोंदीने (नावे-जमा खाती स्वतः निवडून केलेल्या नोंदीने) भरा, येणी-देणी-स्टॉक वगळून; दुसरी बाजू सस्पेन्समध्येच. शेवटी सस्पेन्स शून्य झालं पाहिजे. ‘जवळजवळ शून्य’ चालणार नाही.

जुनी बिलं नेहमीच्या विक्री बिलाच्या पडद्यावरून चढवू नका. तसं केलं तर गेल्या वर्षीची विक्री या वर्षीच्या उत्पन्नात येते आणि तिच्यावरचा कर दुसऱ्यांदा लागतो. आरंभीच्या बिलांसाठी वेगळी सोय असेल तर ती वापरा. नसेल तर बिलात उत्पन्नाच्या जागी सस्पेन्स खातं निवडा आणि कर ‘लागू नाही’ ठेवा.

बँकेच्या बाबतीत पासबुकातला आकडा भरायचा नाही. वहीप्रमाणेची शिल्लक भरायची. पासबुकात १,०५,००० आहेत, पण दिलेला १५,००० चा चेक अजून वटलेला नाही. म्हणून वहीत ९०,०००. तो चेक न वटलेला म्हणून आरंभीच्या बँक जुळवणीत (वही आणि बँकेचे आकडे ताडताना) दाखवा. तसं केलं नाही तर पुढच्या महिन्यात बँकेत १५,००० वजा दिसतात, जोडीची नोंद सापडत नाही, आणि कुणीतरी तो खर्च पुन्हा लिहून मोकळं होतं.

सस्पेन्समध्ये फरक उरला तर वहीच्या काळातली युक्ती अजून चालते. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा: ५,४०० ऐवजी ४,५०० लिहिलं की फरक ९०० येतो. शून्य खाल्लं गेलं तरी तेच, ४,५०० ऐवजी ४५० म्हणजे फरक ४,०५०. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या खात्याच्या शिलकेशी जुळत असेल तर ते खातं उलट्या बाजूला पडलं आहे. १२,५०० चं देणं नावे गेलं की फरक २५,००० दिसतो.

फाइल आयात करताना

स्प्रेडशीट उघडून नुसती जतन केली तरी नुकसान होऊ शकतं. ००४२ या मालाच्या कोडचं ४२ होतं. पंधरापेक्षा जास्त अंकी खाते क्रमांकाचे पुढचे अंक शून्य होतात. ०३/०४ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून असे रकाने आधीच मजकूर म्हणून ठरवा, तारीख २०२५-०४-०३ अशी वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहा, आणि देवनागरी नावं असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या अक्षर-संकेतात) जतन करा, नाहीतर नावांच्या जागी चिन्हांचा कचरा येतो. आधी बॅकअप, मग पाच ओळींची चाचणी, मग पूर्ण फाइल. आयातीनंतर ओळींची संख्या आणि एकूण रक्कम मूळ फाइलशी ताडून पाहा.

कर आत की बाहेर?

दहा टक्के कर धरला आणि किंमत करासह ११०० असेल, तर मूळ किंमत १००० आणि कर १००. सेटिंग ‘कर वेगळा’ असेल तर बिल १२१० चं होतं. हाताने दुरुस्त करणारे ११०० चे दहा टक्के काढून ११० वजा करतात, तेही चूकच. करासह रकमेला १.१० ने भागायचं असतं.

ऋण स्टॉक

माल आला, विकलाही, पण खरेदीची नोंद राहिली. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नसलेला माल विकला गेला. मग ते त्याची किंमत शून्य किंवा जुन्या दराने धरतं आणि ढोबळ नफा भलताच दिसतो. ऋण स्टॉकला मनाई करणारं सेटिंग चालू करा. झालंच असेल तर खरेदीची नोंद खऱ्या तारखेने घाला आणि मूल्यांकन पुन्हा चालवा. स्टॉकच्या खात्यात जर्नल मारून आकडा बसवू नका. तसं केलं की ताळेबंदातला स्टॉक आणि मालवार यादी कायमची वेगळी होते. येणी आणि देणी यांनाही हाच नियम, म्हणून तिन्ही खात्यांवर थेट जर्नल बंद ठेवणं उत्तम.

सगळ्यांना ॲडमिन

सोय म्हणून सगळ्यांना पूर्ण अधिकार आणि एकच पासवर्ड दिला जातो. मग नोंद कुणी बदलली हे कळायला मार्ग राहत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या आणि ॲडमिनला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, जसं फोनवरचा कोड) लावा. पुरवठादाराचा बँक तपशील भरणारा आणि पैसे सोडणारा एकच माणूस नसावा. जागा छोटी असेल तर निदान तपशील बदलल्याची सूचना मालकाकडे जावी. सोडून गेलेल्याचं खातं निष्क्रिय करा, पुसू नका.

महिन्याची जुळवणी झाली की तो कालावधी कुलूपबंद करा. ‘मागच्या महिन्याचा अहवाल आज वेगळा दिसतो’ या तक्रारीचं कारण बहुधा मागच्या तारखेची नोंद असते. बदलांची नोंदवही उघडली की ती लगेच सापडते. आधीच्या महिन्यातली चूक आजच्या तारखेच्या उलट नोंदीने दुरुस्त करा, मूळ नोंद राहू द्या.

मात्र कुठली नोंद शोधण्याआधी दोन्ही अहवालांचे फिल्टर बघा. एक रोख पद्धतीने (पैसे आले-गेले तेव्हाच धरून) आणि दुसरा उपार्जित पद्धतीने (बिल झालं तेव्हाच धरून) काढलेला असतो, किंवा एकात मसुदा नोंदी धरलेल्या असतात. निम्मे वाद तिथेच मिटतात.

बँक जुळली, तरी विक्री दुप्पट

बँकेतून आपोआप येणाऱ्या ओळींमध्ये ग्राहकाची जमा दिसते. ती आधीच्या बिलाशी जोडण्याऐवजी ‘नवीन उत्पन्न’ म्हणून स्वीकारली जाते. बँक अचूक जुळते, पण उत्पन्न दोनदा चढतं आणि बिल थकीत राहतं. खूण अशी: पैसे दिलेल्या ग्राहकाला तगाद्याचं पत्र जातं. दर महिन्याला येण्यांची मुदतवार यादी (कुठलं बिल किती दिवस थकलं ते दाखवणारी) काढा. साठ दिवसांवरच्या ज्या बिलाचे पैसे बँकेत आलेले आहेत, तिथली जमेची नोंद रद्द करून ती ओळ बिलाशी जोडा.

बॅकअप आहे, पण उघडतो का?

चालू डेटाची फाइल सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने सिंक होते, शिवाय अर्धवट लिहिलेली फाइल उचलली गेली तर डेटा खराब होऊ शकतो. तीन प्रती, दोन वेगळी माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम धरा. सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी वेगळा बॅकअप घ्या. ऑनलाइन सेवा वापरत असाल तरी महिन्यातून एकदा तेरीज, खतावणी (खातेवार नोंदी) आणि थकीत बिलांची यादी बाहेर काढून ठेवा.

तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. शेवटचा व्हाउचर क्रमांक, बँकेची शिल्लक आणि तेरजेची बेरीज, हे तीन आकडे त्या क्षणीच्या मूळ डेटाशी जुळले पाहिजेत. बॅकअप घेतानाच ते कागदावर टिपून ठेवा. मूळ डेटा गेल्यावर ताडून बघायला दुसरं काही उरत नाही.